दुकानात चालतं, गावात बंद पडतं

भोकरदनच्या बसस्टँडसमोर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. परवा आत जाऊन उगाच एक कव्हर घेतलं आणि विचारलं, "हे बिघडलं तर?" मालक माझ्याकडे बघतच राहिला. कव्हर बिघडत नसतं, असं त्यानं मला फार समजुतीनं सांगितलं. बिघडतच नाही अशा वस्तूच्या धंद्यात काय मजा असणार, हे मात्र मी त्याला बोललो नाही.

आमच्या धंद्यात मजा होती ती गिऱ्हाइकांची. रेडिओ उलगडायला पाच मिनिटं लागायची आणि तो आणणारा माणूस उलगडायला अर्धा दिवस. एका पाटलांचा रेडिओ उघडला तर आतून पेलाभर पाणी निघालं. "विहिरीत पडला होता का?" म्हणून विचारलं. "न्हाई हो, हवा दमट हाय," म्हणाले. भोकरदनात, मे महिन्यात. दुसरे एक गृहस्थ बातम्या वाईट येतात म्हणून रेडिओ घेऊन आले होते. आवाज नव्हे, बातम्याच वाईट. त्यांचा रेडिओ मी दोन दिवस ठेवून घेतला, फडक्यानं पुसला आणि परत दिला. आता जरा बऱ्या येतात, असं पुढच्या बाजाराला सांगून गेले.

अशा गिऱ्हाइकांमुळे मी स्वतःला फार हुशार समजू लागलो होतो. तिशी नुकतीच ओलांडली होती. घर शेतीवाल्यांचं, पण नांगर सोडून टपालानं रेडिओचा कोर्स केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीला लावलं होतं. माझ्याइतका चांगला मीटर वाचणारा तालुक्यात कोणी नव्हता. खरं सांगायचं तर दुसरा मीटरच नव्हता. आज लिहितोय ते त्या हुशारीबद्दल.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. जालना जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही औरंगाबादेत मोडत होतो. एका बाजारच्या दिवशी सुदाम गुरुजी दुकानात आले. राजूरच्या बाजूच्या एका लहानशा गावचे, बौद्ध घरातले, गावातल्याच शाळेवर शिक्षक. शाळा सुटली की त्यांची गायन पार्टी सुरू व्हायची. जयंतीला, लग्नांना ही पार्टी भीमगीतं, बुद्धगीतं म्हणायची. बाकीच्या पार्ट्यांत पेटी आणि ढोलक असे. गुरुजींकडे गिटार होती. मुंबईला गिरणीत असलेल्या मामेभावानं एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची इलेक्ट्रिक गिटार त्यांना धाडली होती, आणि तिच्यासोबत एक लोखंडी डबा. तो डबा टॉवेलात गुंडाळून गुरुजींनी माझ्या टेबलावर ठेवला.

"हा पायानं दाबायचा असतो, मेकॅनिक साहेब. मधेच बंद पडून राह्यला."

डबा जेवणाच्या चपट्या डब्याएवढा. गिटारची वायर एका बाजूनं आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं माइकवाल्याच्या अॅम्प्लिफायरकडे निघते. वर एक बटण. बटणावर पाय दिला की गिटारचा आवाज बदलतो. आत दोन ट्रान्झिस्टर, चार-पाच कंडेन्सर आणि नऊ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी. रेडिओपुढे हे म्हणजे बालवाडी. एक तार सुटली होती, तिला कथलाचा डाग दिला आणि गिटार दुकानातल्या अॅम्प्लिफायरला जोडून बटण दाबलं. आवाज असा काही फाटला की समोरच्या हॉटेलातली माणसं कपबशी हातात घेऊन बाहेर आली.

"हं," मी म्हणालो. "इथं आहे खरा रोग. ठेवून जा."

तीन दिवस त्या डब्याशी झुंजलो. रेझिस्टन्स बदलले, कंडेन्सर बदलले, आणि शेवटी आवाज असा स्वच्छ केला की आकाशवाणीच्या बाईंनी मान डोलवावी. गुरुजी आले, डबा घेऊन गेले, आणि पुढच्या बाजाराला टॉवेलासकट परत हजर.

"आवाज साफ आला," ते म्हणाले.

"येणारच."

"साफ नको व्हता." हे सांगताना बिचाऱ्यांना माझीच लाज वाटत होती. "दाबल्यावर फाटायलाच पायजे. त्याच्यासाठीच हाय ना तो."

दुकानात बसलेली चार माणसं हसली. ज्या फाटक्या आवाजावर उपाय करून मी पोट भरत होतो, तोच मुद्दाम निघावा म्हणून मुंबईत कुणीतरी डबा बनवला होता आणि तो मी बरा करून टाकला होता! माझे सगळे उपचार एकेक करून मागे घेतले. नीट चालणारं यंत्र मेहनतीनं बिघडवून देण्याचा तो माझा एकच प्रसंग. डबा पुन्हा छान फाटू लागला आणि गुरुजी खूश होऊन गेले.

खरं दुखणं पुढे निघालं. ती चौकोनी बॅटरी भोकरदनात मिळत नसे. जालन्याहून किंवा औरंगाबादहून आणायची, आणि गुरुजी डब्यातून वायर काढायला विसरले की डबा चालूच राहून दोन दिवसांत तिचा जीव जायचा. तुमच्या गावात वीज असती तर बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालणारा एलिमिनेटर बनवून दिला असता, असं मी म्हणालो. पण त्यांच्या वस्तीत वीज यायची होती. तिथं कार्यक्रम असला की राजूरचे माइकवाले रज्जाकभाई कर्णा आणि अॅम्प्लिफायर घेऊन जात आणि सगळं ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवत.

इथं माझी हुशारी पुन्हा जागी झाली. तेव्हाच्या बॅटऱ्यांच्या डोक्यावर सहा खणांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्याच असायच्या. एका खणाचे दोन व्होल्ट. आमच्याकडचे माइकवाले त्या पट्ट्यांना चिमटे लावून हवा तितका करंट उचलायचे. कुणी तीन खणांवर सहा व्होल्टचा रेडिओ चालवी, कुणी एका खणावर दिवा. मी गुरुजींना दोन चिमट्यांची वायर करून दिली आणि सांगितलं, "एक चिमटा वजाला, दुसरा चौथ्या खणाच्या पट्टीला. आठ व्होल्ट मिळतील. नऊच्या जागी आठ चालतात. जन्मात बॅटरी विकत घ्यायची गरज नाही." गुरुजींनी ते वहीत चित्रासह उतरवून घेतलं. शिक्षकाला एखादी गोष्ट शिकवायला मिळाली, याचाच मला केवढा आनंद!

पंधरा दिवसांनी गुरुजी आले. कार्यक्रमात डबा जोडला, तर वायरीतून धूर निघाला. रज्जाकभाईंनी चिमटे उपटले म्हणून बरं. त्या दिवशी गुरुजी गिटार मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले होते.

मी डबा दुकानातल्या एलिमिनेटरवर लावला. ठणठणीत. वायर जळाली होती ती बदलून दिली. महिन्याभरानं पुन्हा तेच. गावात धूर, दुकानात ठणठणीत. आमच्या धंद्यात याहून वाईट दुखणं नाही. दुकानात बंद पडतं ते शोधता येतं. दुकानात चालतं आणि गावात बंद पडतं, त्याला काय करणार? अशा वेळी जे करायचं ते मी केलं नाही. माणसं बसली होती, माझ्या नावाचा प्रश्न होता, आणि मागचं हसू मी विसरलो नव्हतो.

"गुरुजी, यंत्रात काही नाही," मी म्हणालो. "वस्तू कितीही चांगली असो, तिला हात लागतो. तो सगळ्यांकडं नसतो. दोष तुमच्या हातात आहे."

या वेळी माणसं गुरुजींना हसली. गुरुजींनी डबा टॉवेलात गुंडाळला, नमस्कार केला आणि गेले.

मी थट्टेतच बोललो होतो. पण कुठला हात कशाला चालतो आणि कशाला नाही, हे त्यांच्या घरच्यांना गावानं पिढ्यानपिढ्या ऐकवलं होतं, आणि मी तेच पुन्हा, प्रमाणपत्राखाली बसून ऐकवलं. हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आज आठवलं तरी कान गरम होतात.

दीडेक महिना गेला. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, हातात काठी, असा एक म्हातारा पायरीवर येऊन उभा राहिला. रेडिओ वगैरे काही आणलेलं दिसत नव्हतं.

"सुदाम गुरुजीचा बाप मी. किसन," म्हातारा म्हणाला.

"या बाबा, बसा."

बाबा बसले नाहीत. "पोरगं गिटार इकून राह्यलं. जालन्याचं गिऱ्हाईक पाह्यलं त्यानं. काहून इकतो म्हणलं, तर म्हणतो, माझ्या हातात दोष हाय. कोण म्हणलं, तर मेकॅनिक म्हणला."

मी मीटरच्या काट्याकडे बघत राहिलो. तो शून्यावर होता.

"म्या कदी त्याचं ऐकलं न्हाई," बाबा पुढे म्हणाले. "आमची पिढीजात हलगी. माझ्यासारखा हात चार गावांत नव्हता, हे मीच सांगतो, कारन सांगनारे मेले. सांगावा आला की जायाचं. लगीन असू दे, मयत असू दे, जेवता जेवता उठून जायाचं. धम्म घेतला आन् त्याच साली हलगी चुलीत घातली. घरात वाद्य न्हाई म्हणलं. मंग ह्यानं हे आनलं. म्या तोंडानं नको म्हणलं न्हाई, पण ऐकायला बी गेलो न्हाई. तो वाजवायला लागला की मी मळ्यात."

"मग आता?"

"आता पुनवंला आमच्या वस्तीत कार्यक्रम हाय, बुद्धपौर्णिमेचा. शेवटचं वाजवतो म्हणतो. तुमी या आन् खरं काय ते बगा. दोष असंल त इकू द्या त्याला, माझं काही म्हणनं न्हाई. नसंल त चार लोकांत तसं सांगा."

एवढं बोलून बाबा गेले. चहासुद्धा घेतला नाही. हुशार माणसाला दारात येऊन कुणी बोलावणं करतं तेव्हा तो फुगतो. मी त्या दिवशी अजिबात फुगलो नाही.

पौर्णिमेला राजूरची बस धरली, तिथून पुढे पायी. खांद्याला पिशवी, पिशवीत मीटर. ऊन कलतं झालं होतं. लिंबाखाली तखतपोस मांडून स्टेज केलं होतं आणि रज्जाकभाई कर्णा बांधत होते. मला बघून त्यांनी बॅटरीवर हात ठेवला.

"मेकॅनिक, फिर वही तार लाये क्या? मेरी बॅटरी को बालबच्चे हैं."

गुरुजी अदबीनं पुढे आले. किसनबाबा लांब एका दगडावर काठी टेकून बसले होते. मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही जसं जोडता तसंच जोडा. मी फक्त बघतो."

त्यांनी वहीतलं चित्र काढलं. एक चिमटा वजाला, दुसरा चौथ्या पट्टीला. तसूभर चूक नाही. डब्याला आठ व्होल्ट मिळत होते, धूर नव्हता. गिटार जोडली, धूर नव्हता. मग डब्यातून निघणारी वायर रज्जाकभाईंच्या अॅम्प्लिफायरला लावली मात्र, चिमट्याची वायर तापून धुमसायला लागली. मी ती उपटली. अॅम्प्लिफायरची वायर काढली की सगळं शांत, लावली की धूर.

मग मी मीटरची एक काडी डब्याच्या लोखंडाला टेकवली आणि दुसरी अॅम्प्लिफायरच्या लोखंडाला. दोन मुकी लोखंडं, तिथं काटा शून्यावर राहायला हवा होता. तो आठवर गेला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतका की गुपचूप घरी जावंसं वाटलं.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. प्रत्येक यंत्र बॅटरीचं एक टोक आपल्या लोखंडी अंगाला जोडून घेतं. त्याला आम्ही 'अर्थ', म्हणजे अर्थिंग, म्हणतो. नव्या यंत्रांत वजा टोक अंगाला असतं, पण त्या काळच्या जुन्या ट्रान्झिस्टरांत अधिक टोक. गुरुजींचा डबा जुन्या चालीचा, रज्जाकभाईंचा अॅम्प्लिफायर नव्या. दोघांना वेगवेगळी वीज दिली तर कोणाचं काही बिघडत नाही. दुकानात डब्याला त्याचा स्वतःचा एलिमिनेटर होता, म्हणून तो चालला. इथं मी दोघांना एकाच बॅटरीवर बसवलं होतं, आणि मधल्या वायरीची बाहेरची जाळी दोघांची अंगं एकमेकांना जोडत होती. एकाचं छप्पर तोच दुसऱ्याचा उंबरा, अशी दोन घरं असावीत आणि आपण मधे दार पाडावं, तसं झालं होतं. चार खणांतला सगळा करंट त्या बारीक वायरीतून धावत होता. गुरुजींनी काहीच चुकवलं नव्हतं. त्यांनी माझी चूक दर वेळी अगदी बिनचूक उतरवली होती.

आणि हे मला माहीत होतं! तेव्हा हाताखालून जाणाऱ्या निम्म्या रेडिओंचं अधिक टोक अंगालाच असायचं. पण रेडिओ आपल्या सेलवर एकटा नांदतो, त्याला शेजारी नसतो. शेजार आल्यावर काय होतं, हा विचार मी केला नव्हता. आणि गावात येऊन बघण्यापेक्षा गुरुजींचा हात बघणं मला सोपं गेलं होतं.

"गुरुजी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "तारेची युक्तीच चुकीची होती."

गुरुजी म्हणाले, "असू द्या साहेब." पण लांबून बाबा म्हणाले, "चार लोकांत."

रज्जाकभाईंनी आनंदानं माइक चालू करून माझ्या हातात दिला. लोक जमायला लागले होते. मी एकदा खाकरलो आणि बोललो, की धूर निघत होता तो माझ्या चुकीनं, गुरुजींच्या हातात काही दोष नाही, असं बोललो ते माझं चुकलं.

"जोरसे, मेकॅनिक," रज्जाकभाई म्हणाले. "पीछे बायाओं को सुनाई नहीं दिया."

मी पुन्हा बोललो. कर्ण्यातून ते बहुधा राजूरपर्यंत गेलं असावं.

आता डब्याला स्वतःची वीज पाहिजे होती. चौकोनी बॅटरी कुठून आणणार? पण शेतकऱ्याच्या घरात तीन सेलचा टॉर्च असतोच. दोन टॉर्च मागवले, सहा सेल काढले. एक सेल दीड व्होल्टचा, सहा दिडे नऊ. सेल एकामागे एक लावून गुरुजींच्या वहीच्या पुठ्ठ्यात गुंडाळले, पण दोन्ही टोकांना तार टिकेना. शेवटी तारेची टोकं तळव्यांत धरून मी ती सुरळी दोन्ही हातांनी दाबली. अॅम्प्लिफायरची वायर लावली. धूर नाही. गुरुजींनी बटण दाबलं आणि लिंबावरचे कावळे उडाले.

असा मी तखतपोसाच्या कोपऱ्यावर, उसाचं कांडं धरावं तसे सहा सेल धरून बसलो. हात ढिला पडला की गिटार मुकी. पहिल्याच गाण्यात नाकावर माशी बसली. मी ती उडवली, तर कडव्याच्या मधोमध गिटार गायब झाली आणि सगळी वस्ती माझ्याकडे बघू लागली. त्यानंतर माशीला तिच्या सोयीनं बसू दिलं. गुरुजींनी बहुतेक दोन गाणी पूर्ण डबा दाबूनच वाजवली. इतक्या दिवसांचं राहिलेलं एकदमच वाजवत होते. पोरं नाचत होती, ढोलकवाला घामाघूम झाला होता.

दुसरं गाणं संपलं आणि किसनबाबा दगडावरून उठले. गर्दीनं वाट दिली. बाबा स्टेजच्या अगदी पुढ्यात येऊन थांबले. गुरुजींचा हात तारांवरच राहिला. बापानं पुढ्यात उभं राहून ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते काय म्हणतील याची त्यांना धास्ती पडल्याचं मला हातभर अंतरावरून दिसत होतं.

"ते पायाखालचं बंद कर," बाबा म्हणाले.

गुरुजींनी पाय उचलला.

"ह्याला बी थांबव," ढोलकवाल्याकडे काठी. "मधलं समदं काढ. आता वाजव."

गुरुजींनी साधीच चाल धरली, आधी हळू, मग जरा भरून. बाबा डोळे मिटून, मान थोडी कलती करून ऐकत होते. दोष कुठं आहे ते शोधायचं तर मधलं एकेक काढत जायचं आणि उरेल ते ऐकायचं, हे आमच्या कोर्सच्या पहिल्या पुस्तकात लिहिलेलं होतं. ते मी सोडून दिलं होतं आणि हा म्हातारा ते करत होता. माझ्या भाषणावर त्यांनी विसंबून राहण्याचं ठरवलेलं नव्हतं. चार गावांत ज्याच्यासारखा हात नव्हता, तो माणूस स्वतः तपासून घेत होता.

चाल संपली. बाबांनी डोळे उघडले आणि मुलाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "दोष न्हाई."

मग ते दगडाकडे परत गेले नाहीत. पुढच्या ओळीत पोरांना सरकवून मांडी घालून बसले आणि काठी बाजूला ठेवली. "हं, आता दाब ते," म्हणाले.

गुरुजींनी डब्यावर पाय ठेवला, पण बोटं काही हलेनात. ते नुसते बापाकडे बघत राहिले. गिटारचा आवाज येईना, तेव्हा लोकांना वाटलं पुन्हा बंद पडली, आणि सगळ्यांनी रागानं माझ्याकडे बघितलं. मी सेल गच्च दाबून धरले होते.